शिकारणीमागे उतरलेला वैद्य

वाशीतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या खेळांच्या दुकानात सुचिता चुकून शिरली. तिला बाजूचा टॅलीचा क्लास हवा होता. आत टेबलावर फासे होते, रंगीत नकाशा होता आणि तिच्याकडे आशेने बघणारी दोन-चार माणसं.

"या ना, बसा," एकाने खुर्ची ओढली. त्याचं नाव निशांत.

"मी... क्लासला आलेली."

"तो आज बंद आहे. आणि आम्हाला एक माणूस कमी पडतोय. बसा हो, हिशोबच करायचाय. फक्त तलवारीचा."

ती हसली नाही, पण बसली.

खेळ असा होता, की प्रत्येकाने एक माणूस रचायचा. त्याचं बळ, त्याच्या खोडी, त्याचा भूतकाळ. मग समोर बसलेला दिपेश गोष्ट सांगणार, आणि संकटात काय होतं ते फासे ठरवणार.

सुचिताने भराभर लिहिलं. निशांतने वाकून वाचलं. शिकारीण. आईबाप नाहीत. मित्र नाहीत. कोणावर विश्वास नाही.

"झालं! प्रत्येक नवा माणूस हीच चूक करतो," तो म्हणाला. "मॅडम, ही बाई आमच्याबरोबर जंगलात येईलच कशाला? पहिल्या वळणावर घरी जाईल."

"घर पण नाय तिला."

"मग उजवीकडच्याशी तरी नातं जोडा. दिपेशच्या टेबलावर तसा रिवाज आहे. उजवीकडे मी, म्हणजे माझा वैद्य. मावसभाऊ चालेल? शेजारी?" तो जरा थांबला. "नवरा... नको म्हणाल बहुतेक."

"कोनीच नको." पण तिच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि तुमचा वैद्य काय कामाचा? सगळं बळ दुसऱ्यांना वाचवण्यात घातलंय. स्वतःच्या अंगात दम नाय. एका फटक्यात जाईल."

"जाऊ दे. मला असेच आवडतात."

तिचा चेहरा उतरला. का, ते त्याला कळलं नाही.

तरी पुढच्या रविवारी ती आली, आणि त्याच्या पुढच्याही. 'तुम्ही'चं 'तू' झालं. तिला उशीर झाला, की निशांत तिच्या चहाच्या ग्लासावर नियमांचं पुस्तक झाकण म्हणून ठेवायचा. फासा टाकण्याआधी ती त्याच्याकडे बघायची... क्षणभरच.

शिकारीण मात्र एकटीच राहिली. एका रविवारी ती कोणाला न सांगता पडक्या विहिरीत उतरली. तळाशी विषारी धूर साठलाय, दिपेशने सांगितलं. सुचिताचा फासा वाईट पडला. शिकारीण बेशुद्ध झाली.

"कोण काय करतंय?" दिपेशने विचारलं.

बाकीच्यांनी फासे खाली ठेवले. जिचं कोणाशी नातं नाही, तिच्यासाठी जीव धोक्यात कोण घालणार?

"माझा वैद्य उतरतो," निशांत म्हणाला.

"नको."

"अगं, खेळ आहे—"

"नको उतरू म्हटलं ना!"

पण त्याच्या हातून फासा सुटला होता. दिपेशने आकडा बघितला आणि मान खाली घातली. "दोघंही गेले रे."

सुचिता उठली आणि थेट जिना उतरून रस्त्यावर आली. निशांत धावत बस थांब्यापर्यंत आला.

"कशाला आलास मागनं? तुला कोनी सांगितलेलं?" ती ओरडली. मग आवाज बसला. "माझे बाबा असेच गेले. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. टाकी धुणारा माणूस आत पडला, म्हणून काढायला उतरले. त्याचं नावही माहीत नव्हतं त्यांना. आत गॅस होता... दोघांना एकदमच बाहेर काढलं. लोक म्हणाले, देवमाणूस. आईला आता तो शब्द ऐकवत नाय."

निशांत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"म्हणून ती बाई तशी केलेली. तिच्यामागं कोनी उतरू नये म्हणून."

"मी तिच्यासाठी नाही उतरलो," तो हळूच म्हणाला. "तू होतीस, म्हणून—"

"तेच तर नको मला."

बस आली. दार उघडलं, बंद झालं. सुचिता चढली नाही.

"नवा वैद्य बनव," डोळे पुसत ती म्हणाली. "अंगात दम असलेला. आणि उतरायच्या आधी वरून हाक मारायची. दोरी आणायची, माणसं बोलवायची. एकट्यानं उतरायचं नाय."

"हाक मारली, तर ओ देशील?"

तिने लांब गेलेल्या बसकडे बघितलं.

"शुद्धीत असेन तोपर्यंत देईन."

त्याने हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला... एखाद्याला वर ओढताना धरतात तसा.