दोनदा पुसलेला चष्मा

"एकच कथा, दोन लेखक. संध्याकाळी सहाला निकाल आहे, आणि चोर मीच ठरणार!" हे वाक्य बोलतच कमल परब खुर्चीत बसल्या.

चेतना तांडेल यांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सोडून त्यांनी मुलुंडला खाजगी तपासाचं कार्यालय उघडलं, त्याला चार वर्षं झाली होती. त्यांचं म्हणणं सहकारी सहदेवला पहिल्या खेपेस समजल्याची नोंद मात्र अद्याप नव्हती.

कमलताई निवृत्त परिचारिका. सोसायटीच्या स्मरणिकेतल्या स्पर्धेसाठी त्यांनी आयुष्यातली पहिली कथा लिहिली होती. प्रवेशिका निनावी, नाव बंद पाकिटात. तशीच दुसरी कथा त्यांच्या दोन दिवस आधी पेटीत पडल्याचं सोसायटीच्या फलकावर लागलं होतं.

"नक्कल ठरली, तर पुन्हा पेन धरणार नाही मी."

"कागद कुणी पाहिला?"

"तळमजल्यावरच्या केतनने. त्यानेच टाइप केली. बाकी कुणी नाही हो."

"लिहिता कशा?"

"लिहिते स्वयंपाकघरात. पण रोज सकाळी सातला बाथरूममध्ये मोठ्यानं वाचते, उलट्या बादलीवर बसून. तिथं आवाज घुमतो, खोटं वाक्य लगेच उघडं पडतं. तिथल्या तिथं बदलते, मग बाहेर येऊन कागदावर घेते."

"शेवट काय आहे?"

"मुलाचं पत्र येतं. म्हातारा चष्मा पुसतो. मग पुन्हा पुसतो. संपलं."

सोसायटीच्या कार्यालयात स्पर्धेचे प्रमुख राजाराम महाडिक यांनी दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या. "दुसरी प्रत मी आजवर कुणालाही दाखवलेली नाही," ते अभिमानाने म्हणाले.

कमलताईंच्या प्रतीचा शेवट होता: 'म्हातारा खूप रडला.' दुसरीचा: 'म्हाताऱ्याने चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.'

"बघा, चांगली ती अस्सल. नक्कल नेहमीच खराब येते," राजाराम म्हणाले.

"वाट लागली," सहदेव कुजबुजला. "ताईंच्या कागदावर ते वाक्यच नाही!"

"अगदी बरोबर," चेतना म्हणाल्या. सहदेव घाबरला.

केतनने हस्तलिखित दाखवलं. तिथंही 'रडला'. "जसं दिलं तसं टाइप केलं मॅडम. सुधारणं माझं काम नाही ना."

शेजारच्या तेजलची भिंत कमलताईंच्या स्वयंपाकघराला लागून. "मला फक्त त्यांचा मिक्सर ऐकू येतो. कथा लिहितात त्या? कमाल आहे!"

कमलताईंच्या बरोबर वरच्या घरात श्यामकांत सावंत राहत. "साहित्य? मला पेपरसुद्धा जड जातो."

"सकाळी सातला कुठं असता?"

"दाढी करत."

"तासभर!" आतून पत्नी शीतल ओरडल्या. "आणि बाहेर येतात तेव्हा खुंट तसेच!"

साडेपाचला चेतनांनी सर्वांना श्यामकांतांच्या बाथरूमच्या दाराशी उभं केलं. सहदेवला सोसायटीची नियमावली देऊन खाली कमलताईंच्या बाथरूममध्ये पाठवलं. क्षणभराने खिडकीतून त्याचा आवाज आला: "नियम सात. गच्चीत पापड वाळत घालू नयेत." शब्द न् शब्द स्वच्छ.

"दोन्ही खिडक्या हवेसाठी सोडलेल्या एकाच उभ्या डक्टमध्ये उघडतात," चेतना म्हणाल्या. "चष्म्याचं वाक्य कमलताईंनी मला दुसरी प्रत न पाहता सांगितलं, म्हणजे ते त्यांचं. तरी त्यांच्या एकाही कागदावर ते नाही. मग ज्याने कागद पाहिला, तो केतन सुटला. ते वाक्य फक्त उच्चारलं गेलं, तेही बाथरूममध्ये. तेजलकडे पोचतो तो मिक्सर. उरले ते गृहस्थ, ज्यांची तासभर दाढी चालते आणि होत नाही."

कमलताईंनी कपाळावर हात मारला. "अगंबाई! शेवट बदलला त्या दिवशी बाहेर आले तर दारात गॅसवाला. लिहायचं राहूनच गेलं!"

राजारामांनी नियम मोडून पाकीट फोडलं. श्यामकांत सावंत. त्यांनी ती प्रवेशिका तिथंच बाद केली.

खाली सहदेव नियम अकरावर पोचला होता. त्याला थांबायला कुणी सांगितलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी कथा फारच कंटाळवाणी होती हो," श्यामकांत आरशाकडे पाहत पुटपुटले. "मी ऐकत राहिलो. रोज सुधारत गेली. मग राहवलं नाही."

सगळे कमलताईंच्या तोंडाकडे पाहू लागले. त्यांनी पर्स उघडली आणि पेन काढलं.

"कंटाळा नेमका कुठं आला," त्या म्हणाल्या, "तेवढं सांगा."