सरावघरातला बाप

विभागाच्या तळमजल्यावर बेसिनपाशी एक तरुण उभा होता आणि त्याच्या फिक्या शर्टावर, खिशाच्या बरोबर खाली, चहाचा भलामोठा डाग होता. तिला वाटलं, बिचारा मुलाखतीला आला असेल, आणि ऐन वेळेला हे असं. स्वतःचं प्रात्यक्षिक तोंडावर असताना दुसऱ्यासाठी हळहळायची तिची जुनीच खोड. तिनं रुमाल ओला केला, साबण लावला आणि "सॉरी हं... पण लगेच धुतला तर जाईल" म्हणत डाग घासायलाही लागली. तो नुसता बघत राहिला, आणि तेही डागाकडे नाही.

डाग गेला. ती जिन्याकडे पळाली.

बालसंरक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं तिचं ते पहिलं वर्ष. वर्गात तिचं नाव 'सॉरीबाई' पडलं होतं, कारण खुर्चीला पाय लागला तर ती खुर्चीचीही माफी मागायची. त्या दिवशी तिचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. विभागाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं एक खोटं घर उभारलेलं होतं. सगळे त्याला सरावघर म्हणत. बाहेर फाटका सोफा, खरकटी भांडी, मुलाचा हात पोचेल अशी औषधाची बाटली. आत पाळणा आणि पाळण्यात बाळ म्हणून ठेवलेली बाहुली. घरातली माणसं नाटकवाले व्हायचे. विद्यार्थ्यानं दार वाजवायचं, बोलायचं, आणि आभाळ कोसळलं तरी मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं. शेजारच्या खोलीत मॅडम पडद्यावर सगळं पाहत असत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुलांच्या वतीनं कोर्टात भांडण्यात घालवली होती, त्यामुळे त्यांना फसवणं कुणाला जमत नसे.

तिनं दार वाजवलं. दार उघडलं... आणि समोर तोच. शर्ट अजून ओला.

"कोण पाहिजे?"

आवाज असा चढला की तिची बोबडीच वळली. माझ्या घरात नाक खुपसायला तुला कुणी धाडलं, असं म्हणत तो दारात आडवा झाला. तिला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. "सॉरी... मी नंतर येते," ती पुटपुटली आणि चक्क माघारी फिरली.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "तू बापाची माफी मागून आलीस," त्या म्हणाल्या. "आत बाळ होतं." सत्राच्या शेवटी आणखी एक संधी मिळेल, ती हुकली तर खऱ्या घरांत पाठवणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

कँटीनमध्ये ती कोपऱ्यात डोळे पुसत बसली होती, तेव्हा तो समोर येऊन उभा राहिला. तो नाटकात काम करायचा आणि पोटापाण्यासाठी इथे दर वर्षी बाप व्हायचा. म्हणून वर्ग त्याला 'बापमाणूस' म्हणे.

"एक तक्रार आहे," तो म्हणाला. आवाज आता इतका मऊ की तिनं दचकून वर पाहिलं. "तो डाग मी सकाळभर खपून पाडला होता."

तिला आधी कळेना, मग कळलं, आणि रडता रडता हसू फुटलं. त्यानंही हसून घेतलं. दोघांचा चहा झाला, दुसराही झाला, आणि तिनं सगळा धीर गोळा करून विचारलं, "माझं एक काम कराल? रोज थोडा वेळ... माझ्यावर ओरडाल?"

"लोक मुलींना फुलं देतात," तो म्हणाला. "मी ओरडायचं?"

"मला फुलांची भीती नाही वाटत."

मग रोज दुपारी, वाचनालयामागच्या हिरवळीवर, तो ओरडायचा आणि ती जागची हलायची नाही. सुरुवातीला डोळे मिटून घ्यायची, मग डोळ्यांत बघायला शिकली. तेव्हा भलतीच अडचण झाली... कारण त्याचे डोळे तपकिरी होते, आणि ओरडतानासुद्धा त्यात काहीतरी हसत असायचं. एकदा माळीकाका पाण्याची नळी टाकून धावत आले आणि लग्नाआधीच इतकं भांडता तर पुढे कसं व्हायचं, म्हणून दोघांना बसवून समजावू लागले. दोघांनी माना खाली घातल्या. माळीकाका गेल्यावरही बराच वेळ कुणाला वर बघवेना.

एवढं खरं कसं ओरडता, असं तिनं एका दुपारी विचारलं. तो गवताची काडी मोडत राहिला.

"माझ्या सख्ख्या काकांचा आवाज आहे तो," तो म्हणाला. "लहानपणी त्यांच्याकडे होतो. एक बाई आल्या होत्या चौकशीला. काका दारात असेच ओरडले, आणि त्या गेल्या. मी आतल्या खोलीत होतो... मला ऐकू येत होतं, त्या जिना उतरताना."

पुढे दुसऱ्या बाई आल्या, त्या मात्र आत शिरल्या, आणि त्याला मावशीकडे पोचवूनच थांबल्या. मावशीनं वाढवलं, शिकवलं, नाटकाचं वेडही पोसलं. हे सगळं त्यानं हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखं सांगितलं. तिनं त्याच्या हातातली काडी काढून घेतली आणि तिथे आपला हात ठेवला. त्या दिवशी सराव झाला नाही.

परीक्षेच्या दिवशी सगळ्या वर्गात तिचा नंबर शेवटचा होता. सकाळी तो जिन्यात समोरून आला आणि ओळख न दाखवता निघून गेला. तरी तिनं सरावघराचं दार वाजवलं.

"या ना," तो म्हणाला.

स्वच्छ शर्ट, विंचरलेले केस, आणि ते हसू... हिरवळीवरचं, फक्त तिच्यासाठीचं. तिनं त्याच्या ओरडण्याला तोंड द्यायची तयारी केली होती, याला नाही. त्यानं पाणी दिलं, खुर्ची पुढे केली, उन्हातून आल्यात म्हणून चौकशी केली. बाळाबद्दल विचारलं तेव्हा हलकेच म्हणाला, "आत्ताच डोळा लागलाय हो. रात्रभर झोपलं नव्हतं. उद्या बघाल का?" आणि तिच्या नजरेला नजर देऊन पुढे म्हणाला, "माझ्यावर विश्वास आहे ना?"

होता. तोच तर घोळ होता. साऱ्या जगात आत्ता तिचा सगळ्यात जास्त विश्वास याच माणसावर होता. तिच्या ओठांवर 'हो' आलंही.

मग तिला त्यानं सांगितलेली ती आतली खोली दिसली.

"तुमच्यासाठी मी आलेच नाहीये," ती म्हणाली. "मी बाळाला भेटायला आलेय. झोपलेलं असू दे. मी हळूच बघेन."

ती उठली. तो वाटेत आला, हसतच. ती त्याला वळसा घालून आत गेली, पाळण्याशी वाकली, पांघरूण दूर केलं, बाहुलीचं झबलं हलक्या हातानं वर केलं. पाठीवर निळ्या रंगानं रंगवलेले वळ होते. बाहुलीच होती ती, तरी तिनं तिला उचलून छातीशी धरलं. बाहेर येऊन, हे मूल आता डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी हलणार नाही, असं तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की तो खरोखरच बाजूला झाला.

शेजारच्या खोलीचं दार उघडलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "ओरडणाऱ्या बापापुढे पुष्कळजण टिकतात," त्या म्हणाल्या. "गोड बापापुढे सगळा वर्ग फसला. तू सोडून." सोमवारपासून खऱ्या घरांत जायचं, आणि सगळ्यांत आधी तिनं. बाहेर जमलेल्या वर्गानं जो गलका केला, तो खालच्या मजल्यावरच्या ऑफिसपर्यंत गेला.

गर्दीतून वाट काढत तिनं त्याला गच्चीच्या जिन्यात गाठलं. भूमिका बदलल्याचं मॅडमनी त्यालाही सकाळीच सांगितलं होतं. बोलला असता तर तोंडावर दिसलं असतं, म्हणून तो तोंड चुकवून गेला होता.

"तुमचा राग आला होता मला," ती म्हणाली. "तेच हसू वापरलंत."

"दुसरं नव्हतं माझ्याकडे." तो कठड्याला टेकला. "आणि घाबरलो होतो. म्हटलं, ही मला 'हो' म्हणाली तर... नापास होईल. आणि नाही म्हणाली तर—"

"तर काय?"

एवढ्या लोकांसमोर तासन्तास बोलणाऱ्या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आभाळाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ती अजिबात घाईत नव्हती. आज ती कुणापुढेही मागे सरणार नव्हती.

"बोल ना," ती म्हणाली.

तो चमकला. तिनं पहिल्यांदाच त्याला 'बोल' म्हटलं होतं.

"तू आवडतेस," तो म्हणाला. "खूप. हे नाटकातलं नाही."

"माहितीये," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून सरळ जिना उतरू लागली. "मावशींना कधी भेटवतोस?"