अळणी ताट

घरचं दही त्या दिवशी नेमकं पातळ झालं होतं, म्हणून शांतादेवी पहाटेच मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावरच्या गवळ्याकडे वाटी घेऊन गेली. समुद्र ओलांडून जाणाऱ्या माणसाच्या तळहातावर पाणचट दही कसं घालायचं?

दोन हजार तीन सालचा जून होता. तिचा नवरा वीरेश साखर कारखान्यात पॅनमन होता, म्हणजे उसाचा रस आटवून त्यातून साखरेचा दाणा धरणारा. आपल्याकडचे कारखाने उन्हाळ्यात विझतात आणि मॉरिशसचे जूनच्या सुमाराला पेटतात. तिथल्या एका कारखान्यानं त्याला बोलावलं होतं. चहूकडे निळं पाणी, वर लख्ख ऊन आणि राहायला दोन खोल्या. दोन महिने त्यानं एकट्यानं काढायचे, मग शांतादेवीनं जायचं, आणि सासरे चनबसाप्पांनी कोडोलीला लेकीकडे राहायचं असं ठरलं होतं. लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. त्या बेटावरच देव ओटी भरेल, असं तिनं मनात धरलं होतं आणि त्यासाठी सोळा सोमवारांचं व्रतही घेतलं होतं.

मुंबईला जाणारी जीप दारात येऊन भोंगा वाजवत होती. वीरेशनं घाईघाईनं आपल्या इष्टलिंगाची पूजा उरकली, दही चाटलं, वडिलांच्या पायावर डोकं ठेवलं आणि निघाला. जीप वळणावर पोचली असेल-नसेल, तोच शांतादेवीची नजर पाटावर गेली. गळ्यात घालायचं लिंग त्याच्या चांदीच्या डबीसकट पाटावरच राहिलं होतं.

ती धावत उंबऱ्यापर्यंत आली. एक हाक मारली असती तर जीप थांबली असती. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते! हाक ओठांवर आली तशी तिनं ती गिळली. जीप दिसेनाशी झाली.

जन्मल्यापासून गळ्यात असलेलं लिंग माणसाला मेल्यावरही सोडत नाही. डाव्या तळहातावर ठेवून त्याच्याबरोबरच मातीत जातं. शांतादेवीनं मठातल्या अय्यांना गाठून सगळं सांगितलं.

"तू जाशील तेव्हा आपल्या हातानं ने," ते म्हणाले. "तोवर नुसतं जपून ठेव. त्याची पूजा तू करायची न्हाय. ज्याचं लिंग, त्यानंच पुजायचं."

पार्सलात देव टाकायला तिचं मन होईना. तिनं डबी रेशमी फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली. पण चार दिवसांत तिला अन्न गोड लागेना. आपण दोन्ही वेळा जेवतो आणि देव मात्र बिनपाण्याचा, बिनबेलाचा बसलाय! अय्या पुरुषमाणूस, त्यांना काय कळतंय, असं मनाशी म्हणत तिनं एका सोमवारी बाराच्या ठोक्याला वीरेशचा पाट मांडला. त्यावर लिंग ठेवलं, भस्म लावलं, बेल वाहिला. समोर त्याचं ताट वाढलं. आणि डोळे मिटून हळूच म्हणाली, "या... जेवायला या."

घरात एकदम ऊन-ऊन वास आला. उसाचा रस कढताना येतो तसा, आणि त्यामागून खारट, ओला, तिनं कधीच न हुंगलेला वास.

तिनं डोळे उघडले. पाटावर ओल होती. मांडी घालून बसलेल्या माणसाची उमटावी तशी.

भीती वाटायला हवी होती. पण तिला गहिवरून आलं. "आला की हो," असं म्हणून तिनं ओल पदरानं टिपली. पदराला बारीक वाळू लागली.

मग ती रोजच बाराला पाट मांडू लागली. पूजेनंतर ते ताट सासऱ्यांना द्यायची. चनबसाप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यांना माणूस सावलीएवढाच दिसे. जिभेला मात्र सगळं कळत होतं.

"सूनबाई, मीठ संपलंय काय गं घरातलं?"

"न्हाई मामंजी. का?"

"भाजी अळणी, आमटी अळणी. भाकरीलासुदिक चव न्हाय."

तिनं पातेल्यातली भाजी चाखली. मीठ बरोबर होतं. ताटातली चाखली. ओल्या कापसासारखी लागली.

शेजारची विठाबाई एकदा पीठ मागायला आली आणि दुसरं ताट बघून दारातच थबकली. "व्हय गं, नवरा समिंदराच्या पल्याड आन हितं पाट मांडून कुणाला जेवू घालतीस? दुसरा दादला केलास का काय?"

"देवाचा नैवेद्य हाय, विठामावशी."

विठाबाईनं हसता हसता पाटावरच्या ओलीकडं बघितलं आणि तिचं हसणं विरलं. ती उंबऱ्याच्या आत आलीच नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "भर बाराची येळ लई वंगाळ, बाई. कुणी नावानं हाक मारली तर तीनदा ऐकल्याबिगर ओ द्यायची न्हाय. ते दोनदाच हाक मारतंय."

वीरेशचा फोन दर सोमवारी दुपारी दीडला यायचा. तिथलं घड्याळ दीड तास मागं, म्हणजे त्याच्याकडं बारा वाजलेले असत आणि त्याची जेवणाची सुट्टी असे. लिंग राहिल्याचं आणि आपण ते आणणार असल्याचं तिनं पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. सुरुवातीला तो खुशीत होता. ऊन कसं पिवळंधमक, समुद्र कसा आरशागत, असं सांगायचा. मग बोलणं कमी होत गेलं.

"हितं काय खाल्लं तरी खारटच लागतंय गं. तोंडात समुद्र भरल्यागत."

आणि श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी म्हणाला, "शांते... रोज साडेधा वाजलं की डोळं मिटतात. पॅनवर उभा असतो, खाली पाक कढत असतोय, आन कुणीतरी लांबनं बोलावतंय... या, जेवायला या. काल माझ्या जोडीच्या कृष्णातनं मागनं कॉलर धरली म्हणून वाचलो. न्हाईतर गेलतो आत."

शांतादेवीनं बोटांवर तास मोजले. तिथं साडेदहा, म्हणजे इथं बारा.

"आता न्हाई येणार झोप," ती कशीबशी म्हणाली. "मी सोमवार धरलेत की. माझं तिकीट आलंय, पुढच्या सोमवारच्या पुढल्या सोमवारचं. लिंग घेऊनच येते."

त्या दिवसापासून तिनं लिंगाला हात लावला नाही. पाट भिंतीला टेकवून ठेवला, दुसरं ताट वाढलं नाही. सहा दिवस काही झालं नाही. फक्त बाराला तो वास यायचा, दारापर्यंत येऊन थांबायचा आणि जायचा.

सातव्या दिवशी तिसरा श्रावणी सोमवार. बाराचे ठोके पडले. गल्ली उन्हात पांढरीफटक पडली होती, कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. शांतादेवी देवघरात जप करत होती. सासरे बाहेरच्या सोप्यात आपल्या ताटावर बसले होते.

"शांते..."

दारातून आवाज आला. वीरेशचाच. प्रवासातून दमून आल्यासारखा.

तिनं तोंडात पदर कोंबला.

"शांते... पाट मांड की..."

दोन हाका झाल्या. तिसरी यावी, हाक माणसाचीच असावी, म्हणून ती देवाला विनवत होती. तिसरी आलीच नाही. पण सोप्यातून चनबसाप्पांचा मोठा, आनंदी आवाज आला.

"कोण, वीरेश? भाईर का हुबा ऱ्हायलाईस? ये की रं, दार उघडंच हाय!"

ओल्या पावलांचा चप्-चप् आवाज सोपाभर फिरला. भिंतीला टेकवलेला पाट जमिनीवर पडल्याचं ऐकू आलं. मग सगळं शांत झालं.

ती उठली नाही. दीड वाजता फोन वाजला तेव्हा सोप्याकडं न बघता ती तिथवर पोचली.

"हॅलो... शांते?" वीरेशचाच आवाज, ठणठणीत. "आज झोप आली न्हाय बघ!"

तिला रडूच फुटलं. "शंकरा, पावलास रे बाबा..."

"पण एक इपरीत झालं. साडेधाला मी पॅनवर हुतो, आन मागनं अप्पांनी हाक मारली. ये की रं, दार उघडंच हाय... अक्षी कानात."

"वळला न्हाई न्हवं?" ती ओरडली. "अहो, सांगा की... वळला न्हाई न्हवं?"

तारेतून नुसती समुद्राची गाज येत राहिली.

"न्हाय," तो म्हणाला. "न्हाय वळलो."

तिनं डोळे मिटून कोनाड्याला हात जोडले. मग रोजचा प्रश्न आपोआप तोंडातून आला, "जेवलात?"

त्याच वेळी सोप्यातून सासऱ्यांचा आवाज आला. मऊ, कुणाच्या तरी पाठीवरून हात फिरवताना यावा तसा. "किती वाळलास रं लेकरा... आन सूनबाई, आज भाजीत मीठ लई पडलंय गं. त्वांडात घालवंना."

खारट तर तिकडं वीरेशला लागायचं, इथलं ताट अळणी असायचं. फोनमधला वीरेश हसला.

"जेवलो की. पण आज समदं अळणी लागतंय गं, शांते. तू येत्या सोमवारी येणारच हाईस न्हवं... येताना मीठ घेऊन ये."