तो उगवला तर...

"ओ बाई, आत यायचं का?"

हेमावतीनं सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. प्रयोगशाळेच्या दारात उंच तरुण. तोंडावर फडकं, हातात थुंकीची बाटली... आणि डोळे असे, की तिनं घाईनं मान खाली घातली.

शिवपुत्र त्याचं नाव. टिळक चौकात बियाण्यांचं दुकान. त्याची आठ वर्षांची भाची जगदेवी वॉर्डात तापानं फणफणली होती. वर्षापूर्वी, १९७५ साली, वेल्लोरला तिला किडनी बसवली. शरीरानं ती नाकारू नये म्हणून औषधांनी तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली. आता छातीत कुठला तरी जंतू शिरला होता. कुठला, ते कळेना.

"दुर्मीळ असेल, सावकाश वाढणारा," डॉक्टर हेमावतीला म्हणाले. "थुंकी पसरून जंतू वाढवायला ठेवलीय, ती प्लेट टाकू नका."

एरवी तिसऱ्या दिवशी प्लेटा वाफवून धुवायला जात. ही राहिली. आणि शिवपुत्र रोज येऊ लागला.

"उगवलं का?"

"नाही."

"तुमचा हातगुण बरा दिसत न्हाई. माझी ज्वारी एव्हाना वर आली असती की!"

"मग दुकानात बसायचं. इथं कशाला येता?"

"उगवण बघायला..." तो म्हणाला. बघत मात्र होता तिच्याकडं.

जंतू उगवला तर पोर वाचेल — आणि याचं येणं थांबेल. हे मनात आलं, तशी ती स्वतःवरच चिडली.

एका सकाळी प्लेटवर खडूच्या भुकटीसारखे पांढरे कण दिसले. भिंगाखाली फांद्या फुटलेले बारीक धागे. नोकार्डिया! डॉक्टर म्हणाले तोच, सावकाश वाढणारा जंतू. झाकणावर तिचा हात क्षणभर थांबला... मग ती वॉर्डाकडं धावतच सुटली.

सल्फाच्या गोळ्या लागू पडल्या. ताप उतरला, जगदेवी भाकरी मागू लागली. वेल्लोरचे डॉक्टर मात्र तिला तिथंच वर्षभर नजरेखाली ठेवणार होते. निघायच्या दिवशी शिवपुत्र दारातच थबकला.

"जगूची आई, माझी ताई, एकटी हाय, मला संगं जावं लागतंय. एक सांगू? जगूला किडनी मीच दिलीय. त्यामुळं स्थळं परत जातात."

"ताईंनी सांगितलंय मला. कधीच."

"हितं यायला आता कारण उरलं न्हाई..."

"कारण नसताना या की."

"वर्ष हाय मधी, हेमावती." पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं होतं.

"असू दे. घरी सांगते मी आज — माझ्यासाठी दुसरं स्थळ बघू नका."