डावीकडे ओढणारी सायकल

खणकन आवाज झाला, हातोडी एकीकडे आणि पाना दुसरीकडे उडाला, आणि चाकातले छर्रे अंगणभर उधळले! दोन मोतीबाईच्या सुपातल्या तुरीत, तीन-चार खुराड्याखाली, आणि उरलेले... उरलेले कुठे गेले ते कोंबड्यांनाच ठाऊक.

"हात लावू नको, बाई!" भारत ओरडला. "एक जरी हरवला त चाक बसत नाही मंग. तुले काय समजते सायकलीतलं? तुले त बसताबी नाही आलं कधी!"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्याची बायको बबिता खुदकन हसली. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. या घरात तो विनोद मीठ-मिरचीसारखा रोजचाच होता. मोतीबाईही हसली, सत्तेचाळीस वर्षं हसत आली होती तशीच... आणि तुरीतले दोन छर्रे वेचून तिने भावाच्या ग्रीसने माखलेल्या तळहातावर ठेवले. देताना तिचा उजवा हात कोपरात पुरता सरळ झाला नाही. तो कधीच होत नसे.

नेरपासून सात किलोमीटरवरच्या तांड्यातलं हे घर. भारत राठोड नेरच्या हायस्कुलात गुरुजी. याच शाळेत तो पाचवीत गेला आणि याच शाळेतून आता, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर, निवृत्त होत होता. मोतीबाई त्याची दोन वर्षांनी मोठी बहीण. नवरा वारल्यावर, पोटी लेकरू नाही म्हणून, बावीस वर्षांपूर्वी भावाच्या घरी आली आणि इथलीच झाली. भारत तिच्यावर जीव टाकत असे, तिला विचारल्याशिवाय बी पेरत नसे... पण स्वभाव तापट आणि तोंड सैल! येत्या शनिवारी शाळेत त्याचा सेवापूर्तीचा समारंभ होता, आणि गुरुजींच्या डोक्यात असं भरलं होतं की ज्या सायकलीवर आपण शाळेत पहिल्यांदा गेलो त्याच सायकलीवर बसून फाटकातून आत यायचं.

सायकल गोठ्याच्या माळ्यावरून खाली उतरली त्याला आज बावीस दिवस झाले होते. चार दिवसांत चकाचक करतो, म्हणाला होता! पहिले तीन दिवस पायडलाचा दांडा अडकवणाऱ्या एकट्या कॉटर पिनने खाल्ले. तिला घासलेट पाजलं, ठोकलं, शिव्या घातल्या, तेव्हा कुठे ती अर्धी निघाली, आणि उरलेली अर्धी रुसलेल्या जावयासारखी आत बसून राहिली. मग डावं पायडल! त्याचे आटे उलटे असतात हे विसरून गणिताचा हा मास्तर अर्धा दिवस जोर लावून ते अधिकच आवळत बसला. टायर नेरला मिळेना; यवतमाळहून आणला तो लहान निघाला. नेरचा म्हातारा मिस्त्री डोमाजी याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती; तरी जुन्या ओळखीखातर तो येऊन बघून गेला आणि "सर, नवी घ्या," एवढंच म्हणाला. भारतने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मोतीबाई हे सगळं बघत होती. बावीस दिवस चुलीपाशी, सुपापाशी, विहिरीपाशी असताना तिचे डोळे पुन्हा पुन्हा त्या गंजलेल्या दांडीकडे वळत होते, आणि वळले की पाणावत होते. समारंभात काय होणार ते तिला पाठ होतं. भारत माइक हातात घेणार आणि ती गोष्ट सांगणार. "बापूंनी सायकल आणली होती माझ्या बहिणीसाठी! पण बाई बसली आणि थेट गुरांच्या हौदावर! म्हणून मी शाळेत गेलो!" आणि लोक हसणार. लग्नात हसले होते, पंधरा ऑगस्टला हसले होते; आता सगळी शाळा हसेल, मुलं मागे वळून वळून बघतील की ती हौदावर पडलेली बाई कोणती...

"मी नाही येत समारंभाले," ती परवाच म्हणाली होती. "गुडघे दुखते."

"सख्खी बहीण नाही येत म्हणते!" भारतचा चेहरा एवढासा झाला होता. "माह्या आयुष्यात एकदाच येते व हा दिवस!"

तिने चुलीत लाकूड सारलं होतं. काय सांगणार होती? जे खरं होतं ते सांगायची वेळ सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच निघून गेली होती.

तांड्यात शाळा उशिरा उघडली, म्हणून भाऊ-बहीण एकाच वर्षी चौथी पास झाले. पुढची शाळा नेरला. बापू, म्हणजे खेमसिंग, आणि याडी, म्हणजे आई रामीबाई, दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, आणि मोळ्या बांधायला, रांधायला तिसरं माणूस लागेच. "एकानं शिकाचं, एकानं संगं याचं," बापू म्हणाले, आणि त्या काळात तांड्यात कुणी केलं नसतं असं त्यांनी केलं. हुशार म्हणून लेकीला निवडलं! तिच्यासाठी बाजारातून कुणाची तरी वापरलेली सायकल आणली. मोतीबाई पंधरा दिवस रोज पहाटे, घागरा खोचून, गायरानात ती शिकत होती. आधी दांडीखालून पाय घालून कैची, मग दांडीवर, आणि शेवटी खाली केलेल्या सीटवर! वारा तोंडावर येई आणि तिला वाटे, आता नेर काय, यवतमाळही लांब नाही...

पण भारत! मागच्याच हंगामात उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, त्या पोराची छाती भरली होती. ओठ निळे पडले होते. यंदा पुन्हा त्याला न्यायचं ठरलं तेव्हा तो रडला नाही, भांडला नाही. आपली पाटी मुकाट्याने बहिणीच्या दप्तरात ठेवून आला. ती पाटी पाहिली आणि मोतीबाईचं काळीज फाटलं.

दुसऱ्या दिवशी बापूंनी सगळ्या तांड्याला बोलावलं, पोरीची सायकल बघायला! मोतीबाई बसली, दहा-बारा पावलं गेली, आणि सगळ्यांच्या देखत हौदाच्या दगडी काठावर जाऊन आदळली. लोक पोट धरून हसले. शेजारची रुपीबाई तर टाळ्या पिटत ओरडली, "खेमसिंगची पोरगी हौदात गेली रे!" बापूंची मान खाली गेली. सायकल भारतला मिळाली. रात्री तिच्या मोडलेल्या कोपरावर हळद बांधताना याडी फक्त एवढंच म्हणाली, "दगडावर कायले पडली व पोरी... मातीत पडली असती त कमी लागलं असतं." पहाटे पाण्याला जाता-येता याडीने सगळं पाहिलेलं होतं! दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, आणि ते तिथेच संपलं. दिवाळीनंतर मोतीबाई मोडका हात घेऊन उसाच्या फडावर गेली.

गुरुवारी सायकल एकदाची उभी राहिली. काळी, तुकतुकीत, नवी घंटी लावलेली! भारत ऐटीत बसला, दोन पायडल मारली आणि थेट बबिताच्या वांग्यांच्या वाफ्यात गेला. पंचवीस वर्षं मोटरसायकल चालवलेला माणूस, सवय मोडली असेल म्हणून पुन्हा बसला. पुन्हा वांगी!

"तोडाची मेहनत वाचली माही," बबिता म्हणाली.

"चाक आउट हाय!" भारत गुरगुरला. सायकल उलटी करून त्याने दोन तास तारा आवळल्या, ढिल्या केल्या, एक डोळा मिटून रिम फिरवून पाहिली. रिम सरळ होती. पुन्हा बसला. पुन्हा डावीकडे! या खेपेला गुडघा फुटला आणि नवी घंटी मोडली. बावीस दिवसांचा सगळा संताप त्याच्या डोक्यात चढला, आणि त्याने कोपऱ्यातली मोठी हातोडी उचलली.

"मोडूनच टाकतो हिले! बापूची सायकल अन् मलेच पाडते!"

"मारू नको तिले!" मोतीबाई सूप टाकून धावली. "चाकात काहीच नाही रे! पुढच्या चाकाचा चिमटाच डावीकडं ओढते तिचा, पहिल्यापासून! सीटवर जरा उजवीकडं सरकून बस, अन् उताराले डावा हात ढिला सोड..."

आणि ती एकदम थांबली. पदराचं टोक तिने तोंडात धरलं.

भारतने हातोडी खाली ठेवली. तो सायकलीवर बसला, सीटवर थोडा उजवीकडे सरकला... आणि सायकल वांग्यांना वळसा घालून, सरळ रेषेत, अंगणाच्या उतारावरून खाली फाट्यापर्यंत गेली! परत येताना तो चालत आला. सायकल हातात धरून, हळूहळू. तीस वर्षं वर्गात तो खुर्चीवर एका बाजूला कलून बसे, मुलांनी त्याचं नाव 'तिरपे सर' पाडलं होतं, आणि ती खोड लागली कशी ते त्याला स्वतःलाही कधी कळलं नव्हतं. आता कळलं.

"बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज निराळाच होता. "तुले कसं मालूम?"

"तू बसतो ना तसा... पाह्यते मी..."

"डावा हात ढिला सोडाचा, हे कोणालेच दिसत नाही. मी कोणाले सांगतलं नाही, मलेच आठोत नोतं! हे सायकलीवर बसल्याबिगर कळत नाही, बाई. तू... तू चालोली हाय ही सायकल!"

मोतीबाईने मान खाली घातली. खोटं बोलायला शब्द शोधू लागली, आणि सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला एकही शब्द सापडला नाही.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "गायरानात. पाहाटे."

"मंग हौदावर...?" भारतची नजर तिच्या न सरळ होणाऱ्या कोपराकडे गेली आणि तिथेच राहिली. "बाई! मुद्दाम?"

"तू कोपीत निळा पडलता रे, भारत! याडी तुले मांडीवर घेऊन बसली व्हती, अन् मी बाहीर उभी राहून देवाले हात जोडत व्हती... पुन्हा नेला असता त तू वापस आला नसता!"

"देवा..." तो मटकन खाली बसला. "अन् मी काय केलं! हजार लोकायपुढं मी तुह्यावर लोक हासवले! अन् तूबी हासत व्हती, बाई!"

"मंग काय रडू?"

बबिताने दारातच डोळ्यांना पदर लावला. भारत गुडघ्यांवर सरकत पुढे आला आणि बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "सांगतलं काहून नाही व? एकदा तरी!"

"सांगतलं असतं त तू शिकला असता काय? पाचवीतच सायकल वापस दिली असती माह्याजवळ! मालूम हाय मले तू कसा हाय ते." तिचे अश्रू त्याच्या पिकलेल्या केसांवर पडत होते. "शिकली नाही याचं मले काही वाटत नाही... वाटते! खोटं कायले बोलू, वाटते रे! नेरच्या त्या शाळेसमोरून मोटार जाते त मी मान फिरोते. पण ते सहन केलं. लोक हासते ना, भारत... ते नाही सहन होत आता."

तिची पावलं त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

"ऊठ आता," ती म्हणाली. "लुगड्याले ग्रीस लागते."

शनिवारी सकाळी भारत नवा सदरा घालून अंगणात आला, पण सायकलीवर बसला नाही. त्याने सीट खाली केली, पान्याने आवळली आणि हँडल बहिणीच्या हातात दिलं. शुक्रवारी पहाटे गायरानात त्याने कॅरिअर धरून तिला चार चकरा मारायला लावल्या होत्या. पाचव्या चकरेला कॅरिअर धरायची गरज राहिली नव्हती.

"येडा झाला काय!" मोतीबाई म्हणाली. "साठ वर्षाची म्हातारी मी! समारंभ तुहा हाय!"

"माही जागा तुही व्हती, बाई. मी येतो मागून."

तांडा पुन्हा गोळा झाला होता. हौद तिथेच होता. काठ सिमेंटचा झाला होता, एवढंच. हौदाशेजारच्या ओट्यावर रुपीबाई बसली होती, नव्वदीची, डोळे गेलेली. मोतीबाईने एकदा हौदाकडे पाहिलं, सीटवर जरा उजवीकडे सरकली, आणि पायडल मारलं. सायकल डावीकडे ओढू लागली, हौदाकडे... मोतीबाईने डावा हात ढिला सोडला. हौद जवळ आला, बाजूला आला, आणि मागे राहिला! उतारावर तिचा पदर वाऱ्याने फडफडला, आणि ती वळून न बघता नेरच्या रस्त्याला लागली.

"काय गेलं व?" रुपीबाईने कान टवकारले. "सायकल हाय काय? कोण गेलं?"

"मोतीबाई गेली, काकी," भारत म्हणाला. त्याचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"आमची मोती? कुठं गेली?"

भारतने रस्त्याकडे पाहिलं. सायकल सरळ चालली होती.

"शाळेत," तो म्हणाला.