उशिरा येणाऱ्याचं काम

"हा कोण गं?" पाळणाघराच्या ताईनं विचारलं.

भिंगरीनं फाटकाबाहेरच्या माणसाला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. गालावर एक बोट टेकवलं, मान तिरकी केली आणि शांतपणे सांगून टाकलं, "माहीत नाही."

"अगं ए! मामा ना मी तुझा?"

"माझा मामा स्वच्छ असतो," भिंगरी म्हणाली आणि गिरकी घेऊन आत पळाली.

बिचाऱ्याच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती, कोपरापर्यंत काळं वंगण लागलेलं आणि कपाळावर त्याच वंगणाचा एक पट्टा.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो हो," तो म्हणाला. "एक आजोबा दोन मजल्यांच्या मधे अडकले होते, त्यांना काढलं आणि तसाच आलो. बहिणीची ड्यूटी अचानक वाढली, म्हणून तिनं मला—"

"तिनं मला काही कळवलेलं नाही," ताईनं कडी लावून घेतली. "ओळख पटल्याशिवाय पोर इथून बाहेर जात नाही. बसा पायरीवर."

भिंगरीची आई नर्स होती. वॉर्डातून तिचा फोन येईपर्यंत सगळी मुलं घरी गेली, पाळणाघर बंद व्हायची वेळही टळून गेली. मामा पायरीवर बसून होता. चिडला नाही, की घड्याळ दाखवून वाद घातला नाही. फोन आला तेव्हा उठून म्हणाला, "चला, झालो एकदाचा मामा. आता नेऊ तिला?"

"आता उशीर झाला," ताई म्हणाली. "आत या. साबणानं हात धुवा आणि ते ठोकळे घ्या."

पाळणाघराची ही रीतच होती. सुरुवातीला ताईनं उशिराचा दंड ठेवून पाहिला होता, पण पैसे टाकले की माणसाची लाज संपते, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं. लोक दंड भरायचे आणि ऐटीत आणखी उशिरा यायचे. मग तिनं दंड काढला आणि काम लावलं. उशीर झाला की त्या दिवशी पोरांनी चावलेले, चाटलेले, चिकट केलेले सगळे लाकडी ठोकळे उशिरा येणाऱ्यानं धुवायचे, पुसायचे, फडक्यावर मांडायचे. एका बँकेच्या साहेबांनी बाह्या वर सारून ते केलं होतं, पुन्हा कधी म्हणून उशिरा आले नाहीत. औषध जालीम होतं. सगळ्यांना लागू पडलं…

एका माणसाला सोडून.

भिंगरीला न्यायला आता मामाच येई, आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा उशिरा आला. स्वच्छ होऊन आला, केस ओले करून विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा.

"आज कोण अडकलं होतं?" ताईनं विचारलं.

"मीच," तो टबापाशी मांडी घालत म्हणाला. "रहदारीत. ऐका ना, हा पिवळा ठोकळा कुणी इतका कुरतडलाय?"

"तुमच्या भाचीनं. दाढा येताहेत तिच्या."

"घराण्याला शोभेल असंच आहे. मी लहानपणी कपाट कुरतडलं होतं."

ताईला हसू आलं. तिनं ते ओठात दाबलं, तर ते डोळ्यांत जाऊन बसलं. त्यानं नेमकं तेव्हाच वर पाहिलं. साबणाचा एक फुगा दोघांच्या मधे तरंगत राहिला आणि फुटला.

स्वयंपाकघरातून आत्या सगळं बघत होती. ती ताईची सख्खी आत्या, पोरांचं खाणंपिणं तिच्याकडे असे आणि लोकांच्या भानगडी तिनं आपणहून घेतलेल्या. "एक गोष्ट लक्षात आली का तुझ्या?" रात्रीची भांडी लावताना ती म्हणाली. "अख्खी गल्ली तुला ताई म्हणते. दूधवाला म्हणतो, वरचे घरमालक काका सत्तरीचे, तेसुद्धा म्हणतात. हा पठ्ठ्या मात्र 'अहो', 'ऐका ना' यावरच भागवतो. चुकूनसुद्धा 'ताई' येत नाही हो त्याच्या तोंडून!"

"लाजत असेल."

"हो ना. लाजाळूच आहे. म्हणूनच तर ठोकळे वाळेपर्यंत बसतो."

ताईनं विषय बदलला. बदलायला विषय मोठा होता. मागची खोली रिकामी झाली होती आणि घरमालक काकांनी ती कुणाच्या गोदामाला द्यायचं मनात आणलं होतं. "महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी थांबतो," ते म्हणाले होते, "पण घेणार असशील तर नुसत्या रांगणाऱ्यांच्या भरवशावर घेऊ नकोस. पाळणाघर चालवणं वेगळं आणि धंदा चालवणं वेगळं, बाळा."

ते ताईलाही कळत होतं. पुढच्या दोन खोल्या भरल्या होत्या, एकीत रांगणारी आणि एकीत धावणारी. तिची फी गल्लीत सगळ्यांत जास्त होती आणि ती कमी करायला ती कुणाच्या बापाला ऐकत नसे. 'स्वस्तात हवं असेल तर पत्ता सांगते, पण तिथं एका बाईच्या अंगावर किती पोरं आहेत तेवढं मोजून या,' असं ती आयांना तोंडावर सांगायची, आणि आया मोजून परत यायच्या. पण मागची खोली घेतली, वर मदतीला दोघी ठेवल्या आणि ती भरलीच नाही, तर पुढच्या दोन खोल्यांनाही घेऊन बुडेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. भरायची कशी, तेवढं मात्र दिसत नव्हतं.

आणि मग तो दिवस आला.

भिंगरी बूट घालून खिडकीत उभी होती. बाकीची पोरं गेलेली. आधी ती गाणं म्हणत होती. मग थांबली. मग तिनं काचेला नाक लावलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "ताई, मला विसरले का गं?"

 ताईनं भिंगरीला कडेवर घेतलं, मामाला रस्त्यात गाठायचं म्हणून फाटक उघडलं… आणि पाहते तो काय, कोपऱ्यावरच्या झाडाखाली, हत्यारांच्या पिशवीवर बसून, मामा निवांत घड्याळ बघत होता. बंद व्हायची वेळ टळायची वाट बघत!

त्याची नजर वर गेली आणि चेहरा उतरला.

"माझ्याशी बोलायचं होतं तर बोलायचं होतंत," ताईचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "तुम्ही इथं बसून मजा बघत होतात आणि हे लेकरू तिथं काचेला नाक लावून… शेवटी राहिलेल्या पोराला काय वाटतं, ठाऊक आहे? मी रोज बघते. आज ठोकळे नकोत. हिला न्या."

तो पिशवीवरून उठला. भिंगरीसमोर गुडघ्यावर बसून "चुकलो" एवढंच म्हणाला. आधी तिला, मग ताईकडे बघून.

दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी यायला लागला. फाटकाबाहेर उभा राहायचा, भिंगरीचा हात धरायचा, आणि जाताना खाली मान घालून म्हणायचा—

"येतो हं, ताई."

ताई!

"बस, झालं," आत्यानं कपाळावर हात मारला. "राखलीस शिस्त?"

ठोकळे आता ताईच धुवायची. साबण तोच, टब तोच, पण काम संपता संपायचं नाही. पिवळा ठोकळा हातात घेऊन ती किती वेळ बसून राहिली आणि मनात भिंगरीचा तो बारीक आवाज पुन्हा उठला. 'मला विसरले का गं?' शेवटचं पोर… रोज कुणीतरी शेवटचं असणारच. पण चार-आठ जण मिळून शेवटी राहिले तर? मग ते शेवटचे कुठले, ती तर संध्याकाळची टोळी!

तिनं ठोकळा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामा फाटकाशी आला तेव्हा ती म्हणाली, "आत या. धंद्याचं बोलायचंय."

तो आला, पण उभाच राहिला.

"गावातल्या सगळ्या इमारतींच्या लिफ्टमध्ये तुमचा वावर. मला सांगा, संध्याकाळी कुठल्या इमारतीतली माणसं पोरांच्या काळजीत असतात?"

तो विचारात पडला आणि मग हळूहळू बोलू लागला. त्याला लाजणं आठवलं नाही. "दवाखान्याच्या इमारतीतली, माझी बहीण तर आहेच. मोठ्या दुकानाच्या मागची लिफ्ट… तिथल्या बायका फोनवर एकच वाक्य बोलतात, 'आज तू आण ना रे त्याला.' मी लिफ्टच्या टपावर बसून तारा तपासत असतो, खाली कुणीतरी रडत असतं. तो फोनवाल्यांचा कॉलसेंटरचा मजला, तिथं तर बापही…"

"मी मागची खोली घेतेय. संध्याकाळची. उशिरा सुटणाऱ्यांसाठी, जेवण इथंच, आणि फी दिवसापेक्षा जास्त."

"भरेल," तो चटकन म्हणाला. "आठवड्यात भरेल." मग थांबला. "पण मग… इथं कुणाला उशीरच होणार नाही."

"नाही होणार."

"बहीण ड्यूटी संपवून स्वतःच येईल भिंगरीला न्यायला."

"येईल की."

"म्हणजे मला—"

"तो तुमचा प्रश्न," ताई म्हणाली. आवाज ठाम होता. "कुणाला टबापाशी बसायचंय म्हणून मी पोरं खिडकीत उभी नाही करणार."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग पहिल्यांदाच मनापासून हसला. "बरोबर आहे," म्हणाला. "चला, आधी दवाखान्यात जाऊ. तिथल्या लिफ्टचं दार माझंच ऐकतं."

ताई स्वतः गेली. दवाखान्यात बोलली, दुकानात बोलली, कॉलसेंटरच्या साहेबाला गाठून कंपनीकडूनच निम्मी फी कबूल करून घेतली. मामा जिने आणि मजले दाखवायचा, बोलायची ती. महिनाअखेरीला मागच्या खोलीत जागा मिळावी म्हणून आया वाट बघत होत्या. घरमालक काकांनी किल्ली देताना एवढंच म्हटलं, "चुकलो मी. धंदाच आहे हा."

आणि पहिला महिना पार पडला. मदतनिसांचे पगार देऊन, खोलीचं भाडं चुकतं करून, वर चांगलं उरलं. त्या संध्याकाळी शेवटची टोळी एकमेकांना ढकलत, खिदळत घरी गेली. खिडकीत कुणीच उभं नव्हतं. भिंगरीला तर तिची आई केव्हाच घेऊन गेली होती.

ताई कडी लावून वळणार, तर फाटकाबाहेर मामा. कपाळावर वंगणाचा पट्टा, कोपरापर्यंत काळा.

"भिंगरी गेली," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"वेळ टळून गेली आहे."

"म्हणून तर आलो." त्यानं बाह्या वर सारल्या. "मुद्दाम बसलो नव्हतो कुठं, शपथ. एक बाई अडकल्या होत्या."

"मग आज कुणाला न्यायला आलात?"

 तो फाटकाची एक सळई बोटानं चाचपत राहिला. मग म्हणाला, "ओळख पटल्याशिवाय इथून कुणाला सोडत नाहीत ना? मला लिफ्ट दुरुस्त करता येतात. ठोकळे धुता येतात. चूक झाली तर कबूल करता येते. आणि तुम्हाला ताई म्हणताना रोज जीभ अडखळायची माझी… एवढीच ओळख आहे. पुरेल?"

ताईनं कडीवर हात ठेवला. "माझं काम सुटायचं नाही. पोर रडत असेल तर मी थांबणार."

"लिफ्ट अडकली तर मी जाणार. फिटंफाट."

"आणि मला न्यायला येणाऱ्यानं उशीर केलेला मला चालत नाही."

"केला तर?"

"ठोकळे आहेतच."

कडी अजून लागलेलीच होती. दोघंही तिच्याकडे बघत उभे, कुणी उघडायची ते ठरेना. शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून आत्याचा आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा—

"अगं, पटली की ओळख! मी ओळखते त्याला… सोड, जाऊ दे त्याच्याबरोबर!"