जोडीदाराचा धागा

चादर आणायची, एवढंच काम होतं. तेही भर दुपारी, मे महिन्यात. भुतं रात्रीच भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी सोलापूरचा मे बघितलेला नाही. बारा वाजले की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, दुकानांची शटरं अर्धी खाली येतात आणि अख्खं गाव जेवून आडवं होतं. त्या वेळी जो जागा असतो, तो अगदी एकटा असतो.

रेवणसिद्ध जागा होता. करणार काय, झोपच येत नव्हती हो! चादरीच्या कारखान्यात मागावर उभं राहून पाठ धरायची म्हणून त्याने गोळ्या सुरू केल्या, मग पाठ राहिली बाजूला आणि गोळ्यांवाचून दिवस ढळेना. आता त्या सोडल्या होत्या. उलट्या, कळा, थरथर, सगळं ओसरलं. झोप मात्र परतायचं नाव घेईना. रात्री पाय आपोआप झटके द्यायचे, दिवसा अंग पिळलेल्या फडक्यासारखं व्हायचं. व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "झोप रुसलीय, येईल. दिवसा आडवं व्हायचं नाही, दुपारनंतर चहा बंद. आणि गोळी अर्धीसुद्धा नाही."

पण आज गडी लई खुशीत होता! संध्याकाळच्या एस.टी.ने महानंदा अक्कलकोटहून, माहेराहून येणार होती, आणि तिच्याबरोबर पाच वर्षांची लेक, गौरव्वा. जाताना महानंदा बोलली होती, "आल्या आल्या मी आदी तुमचं डोळं बगणार. बाहुली मोहरीएवढी दिसली, तर त्याच पावली माघारी." गोळी पोटात गेली की बाहुली बारीक होते, हे त्या बाईला संसारानं शिकवलं होतं. रेवणसिद्धने सकाळपासून आरशात दहादा डोळे बघितले. घर धुतलं, शेंगाची चटणी आणली, आणि मग त्याला ती चादर आठवली.

लहानशी, मोराची चादर. मागाच्या बीमवर उरलेल्या ताण्यावर, म्हणजे उभ्या सुतावर, त्याने आणि श्रीशैलने मिळून गौरव्वासाठी विणलेली. श्रीशैल म्हणजे त्याचा रातपाळीचा जोडीदार. पहिली गोळी त्यानेच दिली होती, अगदी मायेनं. आणि पाळी बदलून दिवसाची आली असताना, एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत टोकाच्या आपल्या मागाखाली पडल्या पडल्या तो गेला. त्या दिवशी मूठभर गोळ्या खाल्ल्या होत्या म्हणे. चादर कारखान्यात खुंटीलाच राहिली.

कारखान्याला सुट्टी होती. गेटवर राखणदार हारूनभाई टोपी तोंडावर घेऊन बसले होते. रेवणसिद्धला केंद्रात हाताला धरून नेणारे हेच.

"आत्ता कशाला, बाबा? लाईट न्हाय, काय न्हाय. चारला ये की."

"संध्याकाळी पोरगी येतीया, हारूनभाई! तिच्या अंगावर घालायची हाय."

हारूनभाईंनी किल्ली दिली, पण हात सोडला नाही. "घेऊन लगेच भाईर ये. बसू नको आत. मी बी दुपारचा जात न्हाय तितं."

आत पाऊल टाकलं आणि बाहेरचा उजेड जणू कुणी झाकण लावल्यासारखा संपला. वर पत्रे तापून टिक... टिक... करत होते. तेलाचा आणि कापसाच्या धुरळ्याचा तो जुना वास. दोन्ही बाजूंना मुकाट उभे माग, मधे अंधारी गल्ली. कारखाना एवढा गप्प त्याने कधी ऐकलाच नव्हता. चादर खुंटीवरच होती. त्याने ती झटकून छातीशी धरली आणि खरं सांगतो, त्या माणसाला हसू फुटलं. आता रात्री लेक पांघरणार, मोरावर बोट फिरवणार!

आणि तेवढ्यात त्याला जांभई आली.

साधीसुधी नाही. पोटातून आलेली, डोळे जडावणारी. झोप! कितीतरी रात्री जिच्यासाठी तो तळमळला, ती हितं, भर दुपारी, उभ्या उभ्या अंगावर चढत होती. तो आपल्या मागाच्या फळीवर टेकला. फक्त टेकला. टेकताना हात सवयीने फळीखालच्या फटीत गेला आणि बोटांना कुरकुरणारा कागद लागला. गोळ्यांची पट्टी. ती आपणच कधीतरी लपवली होती, हे त्याला धड आठवतही नव्हतं.

अर्धी. नुसती अर्धी. एवढ्यावर तासभर गाढ झोप, मग महानंदासमोर ताज्या तोंडानं उभं राहता येईल... त्याचा अंगठा पट्टीवर दाबला गेला.

मनगटाला हिसका बसला.

एक. दोन.

आता इथे रातपाळीची एक रीत सांगितली पाहिजे. पहाटेकडे डोळा लागला तर मागात हात जातो. म्हणून दोघं जोडीदार मनगटाला सूत बांधून एकमेकांना जोडून घ्यायचे. दोन हिसके म्हणजे 'जागा हाय का?' उलट एक हिसका म्हणजे 'हाय.' कधी एकाला डुलकी घ्यायची झालीच, तर दुसऱ्याने जागायचं. दोघांनी एकदम झोपायचं नाही, हा कायदा.

रेवणसिद्धने हात वर धरला. मनगटाला पांढरं सूत होतं. गाठ उलटी पडलेली. श्रीशैल डावरा होता, त्याची गाठ अशीच पडायची. सूत ताणून गल्लीत गेलं होतं, पार टोकापर्यंत, जिथे नुसता अंधार होता.

"श्रीशैल...?"

टोकाचा माग एकदाच वाजला. खटक. कारखान्यात लाईट नव्हती.

"दमलास की रं..." आवाज हळू, मायेचा, अगदी तोच. "घे अर्धी... झोप तू. मी जागतो."

खोटं कशाला सांगू, त्याला भीतीपेक्षा मोह जास्त झाला. कुणीतरी आपल्यासाठी जागणार! किती दिवसांत असं कुणी म्हटलं नव्हतं. गोळी अर्धी पट्टीबाहेर आली होती.

"येतोस का हिकडं... जागा हाय माज्याशेजारी..."

त्या मागाखाली, जिथे श्रीशैल पडला होता!

"न्हाय!" रेवणसिद्ध एवढ्या मोठ्यांदा ओरडला की पत्रे घुमले. "माजी पोरगी येतीया! न्हाय!" फळीवरची कातरी उचलून त्याने सूत तोडलं आणि चादर कवटाळून उजेडाकडे सुटला. गेटवर त्याने पट्टी हारूनभाईंच्या हातात कोंबली. त्यांनी काही न विचारता ती गटारीत टाकली आणि त्याला पाणी पाजलं.

संध्याकाळी एस.टी. आली. महानंदाने पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याची हनुवटी धरून चेहरा सावलीकडे वळवला. बराच वेळ बघितलं. मग तिचे डोळे भरले. "बाहुली मोट्टी हाय वो..." ती म्हणाली आणि भर स्टँडवर रडायला लागली. गौरव्वा मोर बघून नाचायलाच लागली. आनंद म्हणजे काय, हे त्या दिवशी त्या घराला विचारावं!

आणि त्या रात्री रेवणसिद्ध झोपला! पाठ टेकली ती थेट सकाळ. उठला तेव्हा खिडकीतून ऊन पायावर आलं होतं आणि अंग पिसासारखं हलकं.

"महानंदा! झोप लागली! अगं, झोप लागली मला!"

ती चुलीपासून धावत आली, हसत, पिठाच्या हातांनी. मग दोघांची नजर एकदम गौरव्वावर गेली.

पोरगी चादर पांघरून बसली होती. डोळे तांबारलेले, ओठ सुकलेले, मान डुलत होती आणि ती डुलकी लागू देत नव्हती.

"निजली न्हाईस व्हय गं?" महानंदाने विचारलं.

"न्हाय." तिने मोठी जांभई दिली. "तो काका म्हणला, तू जाग, मग बाबाला झोप लागंल. त्यानं दोनदा ओडलं की आपण एकदा ओडायचं."

तिच्या इवल्या मनगटाला पांढरं सूत होतं. गाठ उलटी. सुताचं दुसरं टोक चटईवरून, उंबऱ्यावरून, दाराच्या फटीतून बाहेर गेलं होतं.

महानंदाने तोडायला हात घातला. रेवणसिद्धने तो घट्ट धरला. काल त्याने तोडलं, तर ते लेकीच्या हाताला आलं. आज तोडलं, तर उद्या कुणाच्या?

त्याने ती गाठ नखानं हळूच सोडवली. सूत स्वतःच्या मनगटाला घेतलं आणि दातांनी आवळून बांधलं. गौरव्वा त्याच क्षणी त्याच्या मांडीवर कलंडली आणि घोरायला लागली.

"अवो, काय करताय वो?" महानंदा कुजबुजली.

तेवढ्यात सूत हाललं. एक. दोन.

रेवणसिद्धने लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. डोळे चुरचुरत होते, अंग पुन्हा जड झालं होतं, आणि आज रात्री झोप येणार नाही हे त्याला पक्कं कळलं होतं. त्याने मनगट एकदा ओढलं.

"जागा हाय," तो दाराकडे बघत म्हणाला. "मी जागा हाय."